बाळापूर रोडवर गाडीला दिसलेली बाई

भूतखेत, अंगात येणं, उतारे... मी यातलं कधीच काही मानलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. इंजिनिअर झालो, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणूनच हे लिहायला जड जातंय.

आपोआप चालणारी गाडी माणसांसाठी सुरक्षित आहे का, हे तपासणं माझं काम. गेल्या हिवाळ्यात अकोला–बाळापूर रस्त्यावर चाचणी होती. गाडी चुकलीच तर ब्रेक मारायला स्टेअरिंगवर गजाननभाऊ. आधी धारणीकडे जीप चालवायचे. शेजारी मी, लॅपटॉप घेऊन.

दुपारचे साडेबारा, लख्ख ऊन. एका निंबाच्या झाडापाशी गाडी स्वतःहून थांबली. रस्ता रिकामा! पण स्क्रीनवर माणूस ओळखल्याचा चौकोन, आत ठिपक्यांचा माणूस, डावीकडून उजवीकडे जाणारा. मध्येच थांबला, हात वर केले, पुन्हा चालू लागला. कॅमेऱ्यात कोणी नाही. फक्त छतावरच्या लेझर यंत्राला तो दिसत होता.

"साहेब, लयच भित्री हाय तुमची गाडी," गजाननभाऊ हसले. "मले तं कुत्रंबी दिसून नाही राहिलं."

तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा तेच.

नसलेलं दिसलं की त्या रेकॉर्डिंगवर 'काही नाही' असा शिक्का मारायचा, ही आमची पद्धत. दोन दिवसांनी मोठ्या साहेबांसमोर डेमो होता. मी शिक्का मारला. वर त्या झाडापुरता माणूस ओळखून थांबण्याचा इशाराच बंद केला. चुकीचं होतं, मला कळत होतं... तरी केला.

दुसऱ्या दिवशी, तीच वेळ. झाड आलं, गाडी हळू झालीच नाही. गजाननभाऊंनी जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला. बंपरपासून हातभर अंतरावर एक बाई, डोक्यावर वांग्यांचं टोपलं.

"आंधये झाले काय रे मेल्यांनो!"

मग तिथेच, रस्त्याच्या मधोमध, तिनं दोन्ही हात वर करून टोपलं सावरलं आणि उजवीकडे चालू लागली. काल स्क्रीनवर पाहिलेलं, तसंच्या तसं.

गजाननभाऊ खाली उतरले. "माय, काल बी आल्ती का इथून?"

"काल कावून येईन? आज पयल्यांदाच आली, बहिणीच्या वावरातून."

दोन्ही दिवसांची रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी लावली. उंची तीच, चाल तीच. अकरा पावलं, थांबणं, नऊ पावलं. घड्याळ तपासलं, फाइल आदल्या दिवसाचीच. माझी आईही टोपलं घेऊन बाजारात जाते... आणि मी त्या बाईवर 'काही नाही' लिहिलं होतं.

इशारा परत चालू केला, साहेबांना सगळं सांगून डेमो रद्द करवला. गाडीला ती आदल्या दिवशीच कशी दिसली, याचं कारण मात्र मला आजही देता येत नाही.

मागच्या आठवड्यात अमरावतीच्या रस्त्यावर गाडी अशीच थांबली. रिकाम्या डांबरावर माणसाचा चौकोन... पण हा आडवा पडलेला. हलत नव्हता.

त्यावर मी शिक्का मारलेला नाही. रोज तिथं जाऊन बघतो. अजून तरी रस्ता रिकामाच आहे.