लालीला खायला कोण घालणार?

माणसांच्या गोष्टी सांगायला गेलं की कोणाला ना कोणाला राग येतो. कुत्र्यांच्या सांगितल्या तर कोणी रागवत नाही. म्हणून आमच्याकडे कुत्र्यांच्याच जास्त साठल्या. पिंपळनेरच्या पलीकडे, पांझरेच्या काठच्या मळ्यांवर आम्ही राखणदारांची चार घरं. भाकरी थापायला चौघी बसलो की एक जण सुरू करायची, "अवं, त्या शेरानी गोठ माहीत शे का?" माहीत असलं तरी बाकीच्या म्हणायच्या, "नही वं, सांग ना!"

तर ऐका. नदीकाठी एक मळा होता. मळ्यात एक खोपी, खोपीत एक राखणदार, त्याची बायको आणि एक शिकारी कुत्रा. राखणदार म्हणजे आमचे हे. बायको म्हणजे मी, सिंधू. कुत्र्याचं नाव शेरा. खोपीत चौथं कोणी नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता.

उसात, भुईमुगात रानडुकरं शिरायची. एकदा शिरली की नांगर फिरवल्यासारखं रान करून ठेवायची. शेरानं वास काढायचा, डुकरं उठवायची आणि नदीपार पिटाळायची. वाटेत ससा सापडला तर तो शेराचा. शिकारीला सरकारची बंदी होती, पण शेराला कायदा कोण वाचून दाखवणार!

एवढं पळणाऱ्या कुत्र्याला खायला काय घालायचं, यावर चार घरांत चार मतं.

*

सुपडूभाऊचं मत मिरचीचं. तिखट खाल्लं की कुत्रा तिखट होतो, असं त्याला कोणीतरी बाजारात सांगितलं. त्यानं ओल्या मिरच्यांचा ठेचा करून भाकरीत कालवला आणि त्याच्या काळूला घातला. काळू भुकेला, बिचाऱ्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी काळू कुठं दिसेना. शोधलं तर नदीत! मागचा भाग पाण्यात बुडवून साहेबासारखा बसलेला. सुपडूभाऊनं हाका मारल्या, दगड मारला, उठायचं नाव नाही.

आमच्या शेजारच्या नानांची बायको, अक्का, घागर घेऊन उभी होती. म्हणाली, "राहू दे रे सुपडू. डुकरं पानी पेवाले येतीन, तवय धरी तो!"

*

नाना म्हणजे आमच्यातले जाणते, आणि शिव्या द्यायलाही पहिले. तरुणपणी त्यांनी पाच-सहा शिकारी कुत्रे पोसले होते. ते दोनच गोष्टी सांगायचे. पळणाऱ्या कुत्र्याला चरबी पाहिजे, नुसत्या भाकरीनं त्याची हाडं निघतात. आणि कामाला जायच्या आधी पोटभर काही घालायचं नाही. परत आला, धाप बसली, की मग घालायचं.

मी ते ऐकायचे. बाजरीची भाकर चुरायची, फोपशाचं, म्हणजे बकऱ्याच्या फुप्फुसाचं, कालवण ओतायचं, वरून चमचाभर तूप.

एकदा नेमक्या त्याच वेळी सासूबाई एसटीतून उतरून दारात उभ्या. चमचा माझ्या हातात.

"तूप? कुत्राले?"

मी चमचा ताटलीत उपडा केला.

"मन्हा पोऱ्याना वंश बुडी राह्यना, आनि तू कुत्राले तूप चारी राह्यनी!"

शेरानं ताटली चाटून पुसून साफ केली आणि जाऊन त्यांच्या पायाशी बसला. त्यांनी पाय ओढून घेतला. जाताना ह्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोन वरीस देखस. मंग मी दुसरी पोर देखसू."

खोपी ती केवढी. मला सगळं ऐकू आलं.

*

फोपसं, वजडी, मुंडी असलं सगळं पिंपळनेरच्या बाजारातून यायचं, रहीमभाईंच्या दुकानातून. रहीमभाई आमच्या ह्यांना आधी शेराची खुशाली विचारायचे, मग माणसांची. पायाचं हाड मात्र मागितलं तरी देत नसत. "गळ्यात अडकलं तर? मी कसाई आहे भाई, खुनी नाही!"

एका आठवड्याला हे तापानं पडले होते, म्हणून मी गेले. रहीमभाईंनी कागदाची पुडी बांधली. "भाभी, आज कलेजी घातलीय. शेराला द्या, भाईला नका देऊ!"

घरी आले. तापातून उठलेला माणूस समोर बसलेला, तोंडाला चव नाही म्हणतोय. मी कांदा परतला आणि कलेजी ह्यांना वाढली. शेराला कोरडी भाकर. शेरा माझ्याकडे असं बघत होता की मी पाठ फिरवून बसले.

पुढच्या बाजाराला रहीमभाईंनी विचारलं, "कलेजी आवडली का शेराला?" ह्यांच्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घरी आले, पुडी माझ्यापुढं टाकली आणि म्हणाले, "मी सांगं, बहू आवडनी!"

त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. शेरा धरून तिघं.

*

आता पुढचा किस्सा बायका विचारायच्या नाहीत. मीच सांगायचे.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण. पितरांची घागर भरली, वर खरबूज ठेवलं. खापरावरचे मांडे केले, आमरस केला. गायीचं पान, कावळ्याचं पान, कुत्र्याचं पान, अशी पानं आपण काढतोच. दुपारी मी शेराचं पान मांडलं. नानांचं सांगणं मला पाठ होतं, पण मला वाटलं, सणाचा दिवस, आज कसली धाव? ऊसतोडीची माणसंही बसलेली.

एक मांडा घातला. त्यानं खाल्ला. शेपटी हलवली. दुसरा घातला. पुरण, गूळ, तूप. तो खायचा आणि वर बघायचा. चार मांडे खाल्ले त्यानं. माझ्या हातचं कोणी पोटभर खावं, एवढंच मला वाटत होतं.

तेवढ्यात मुकादमाची हाक आली. कारखान्याची गाडी अवचित आली होती, उसाचा शेवटचा पट्टा तोडायला घेतला होता आणि आत डुकरं अडकली होती. शेरा हाक ऐकून थांबणारा नव्हताच. बाणासारखा गेला.

परत आला तो जिभेला फेस. गुरांच्या हाळावर जाऊन पाणी प्यायला, पितच राहिला. घटकाभरात त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ओकायला बघायचा, पण काही पडत नव्हतं. नानांनी पोटाला हात लावला आणि हात काढून घेतला.

"काय खादं यानं?"

मळ्याच्या मालकाच्या फटफटीवर मागं बसून ह्यांनी त्याला मांडीवर आडवं घेतलं आणि पिंपळनेरला नेलं. मालक तिकडेच थांबले; हे दिवस मावळायच्या आत परत आले, चालत. शेरा खांद्यावर. जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते की पोटाला पीळ पडला, वाटेतच गेला.

हे मला म्हणाले, "काय घातलं होतं?"

"मांडे."

"किती?"

"चार."

त्यांनी हात धुतले. ओरडले असते तर बरं झालं असतं, दोन हात मारले असते तरी बरं. टोपलीतले मांडे दुसऱ्या दिवशी गायीला घातले.

*

पावसाळ्याच्या आधी डोंगरातल्या एका पाड्यावरून ह्यांनी लाली आणली. वर्षाची कुत्री, तांबडी, पाय लांब. दावं खुंट्याला बांधताना म्हणाले, "आतेपाईन कुत्राले मी खावाले देसू."

ह्यांना भाकर येत होती थोडीच! पहिल्या दिवशी केली ती एका बाजूला जळकी, दुसऱ्या बाजूला कच्ची, आणि आकार असा की अक्का म्हणाली, "भाऊ, हाऊ नकाशा कोनता जिल्हाना शे?"

फोपसं ते अर्धंच शिजवायचे. तूप विसरायचे. वेळ मात्र कधी चुकवली नाही. काम झालं, धाप बसली, की मगच ताटली. लाली खायची, पण अंगी लागत नव्हतं. मी दोन हातांवर बसून बघायचे. हात मांडीखाली दाबून ठेवायचे, नाहीतर ते आपोआप पातेल्याकडे जायचे.

सहा महिने असं चाललं. लालीच्या फासळ्या मोजता यायला लागल्या.

*

गावातल्या शाळेच्या ओट्यावर जनावरांचा कॅम्प लागला. हे लालीला घेऊन गेले. नाना बरोबर होते, म्हणून मला हे कळलं. नाहीतर आमचे हे कसले सांगतात!

डॉक्टर तरुण होता. त्यानं लालीच्या पाठीवरून हात फिरवला, जंताचं औषध दिलं आणि म्हणाला, "पळणारी कुत्री आहे. हिला मटणाचं काहीतरी रोज पाहिजे, अंडं पाहिजे, तेल-तूप पाहिजे. बाजरी मऊ शिजवा. गोड नको, मिरची नको. कांदा तर अजिबात नको."

आमच्या भागात कांदा नको म्हणणारा माणूस नानांनी पहिल्यांदा बघितला!

मग डॉक्टरनं विचारलं, "हिला खायला कोण घालतं?"

"मी," हे म्हणाले.

"घरात बाई नाही का?"

"आहे."

"मग तिला घालू द्या ना."

हे लालीचं दावं बोटाला गुंडाळत बसले. नाना म्हणाले की शेवटी डॉक्टरनं पुढच्या बैलाला हात घातला.

संध्याकाळी घरी आले. मी चुलीपुढं. ह्यांनी लालीचं जर्मनचं पातेलं आणलं, माझ्या चुलीच्या कडेला ठेवलं आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली.

मी त्या रात्रीची बाजरी रडत रडत शिजवली. मीठ घालायची गरजच पडली नाही!

*

दोन वर्षं म्हणता म्हणता संपली. सासूबाई आल्या त्या या वेळी पक्कं करून. जळगावची मुलगी, बाप डाळमिलमध्ये कामाला. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, माझ्या देखत. वर मला म्हणाल्या, "तुले कोनी काढी नही राह्यनं. तू भी ऱ्हाय."

मी आत गेले आणि दोन लुगडी पिशवीत भरली. माहेरी तरी कोण होतं, पण भरली.

बाहेर हे लालीच्या गळ्यातली गोचीड काढत बसले होते. लालीचं अंग तेव्हा आरशासारखं चमकायचं. एक काढली, दुसरी काढली. मग वर न बघता म्हणाले, "आनि लालीले खावाले कोन देई?"

"इ कशी तिसरीच गोठ!" सासूबाई म्हणाल्या. "सिंधू गई तर नवी देई!"

"हिन्हा हातना बिगर लाली खास नही."

खोटं होतं! लाली कोणाच्याही हातचं खायची. त्याच सकाळी खुद्द सासूबाईंनी चहात बुडवून तिला भाकरीचा तुकडा दिला होता, आणि तिनं बोटांसकट चाटला होता.

सासूबाई लालीकडे बघत राहिल्या. मग मुलाकडे बघितलं. मग आपली पिशवी उचलली आणि दुपारची एसटी धरली. जळगावच्या मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी लुगडी परत दोरीवर टाकली. पण घरात पाऊल वाजायला तिसरं माणूस नाही ते नाहीच. ह्यांनी मला ठेवून घेतलं, म्हणून ते दुःख उलट वाढलं. अकरा वर्षं झाली होती. मी देवाला काही मागायचंही सोडून दिलं होतं.

*

हा शेवटचा. हा अक्का सांगायची. मी सांगते तशी मजा येणार नाही, पण अक्का आता नाही.

मला फोपशाचा वास कधीच सोसला नाही. मटणाचा रस्सा खाते मी, पण ते फोपसं, वजडी, मुंडी शिजायला लागली की मी नाकाला पदर लावायचे. एवढ्या वर्षांत त्यातलं बोटभर चाखलं नव्हतं. कुत्र्याचं ते कुत्र्याचं.

थंडीचे दिवस होते. कांद्याला पाणी चाललं होतं. लाली सकाळची धाव करून आली, धाप बसेपर्यंत मी पातेलं निवत ठेवलं होतं खोपीच्या मागं.

अक्का विस्तव मागायला आली. पुढं कोणी दिसलं नाही, म्हणून मागं आली. बघते तर काय! पातेल्याजवळ मी उकिडवी बसलेली. पळीनं भराभरा खातेय. बाजरी, फोपसं, सगळं. नाकाला पदर नाही, कशाचं भान नाही. आणि समोर लाली बसलेली, मान वाकडी करून, एकदा पळीकडे बघतेय, एकदा माझ्या तोंडाकडे.

मला अक्का दिसली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अक्का, कोनले सांगू नको. सकायपाईन नुसता याना वासच चांगला लागी राह्यना!"

अक्का हसली नाही. खाली बसली. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"सिंधे, कवय बसनी व्हती तू बाहेर?"

मी बोटं मोजायला लागले. मोजता मोजता थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजली.

अक्का उठली. बांधावर चढली. एवढी अंगानं जड बाई, पण आवाज असा काढला की नदीपार ऐकू जावा.

"ओ भाऊ! आजपाईन बाजारमातून दोन पुड्या आना! एक कुत्रीले, आनि एक तुन्ही बायकोले!"

हे तिकडे पाण्याचं बारं धरून, वाफ्यात पाणी सोडत उभे होते. बारं बंद करायचं ते विसरले. मग फावडं तिथंच टाकलं आणि वाफे तुडवत निघाले.

त्या दिवशी पाण्याचा दंड फुटून नानांच्या कांद्यात गुडघाभर पाणी भरलं, आणि जन्मात पहिल्यांदा नानांनी कोणाला शिवी दिली नाही.