दोन ॲम्पच्या मधली जागा

बसूअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेकनूरला घरी क्लासच्या मुलींना स्वर लावून देत होते. फोन सलीमभाईंचा होता, आमच्या ऑर्केस्ट्राच्या ढोलकीवाल्यांचा. एरवी एवढा बोलका माणूस, पण "शालू... अण्णा गए" एवढंच म्हणाले. मी पेटीचा भाता लावला, मुलींना घरी पाठवलं आणि बीडची एसटी धरली. खिडकीशी बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. कानात सारखी अण्णांची गिटार वाजत होती, आणि तीही डावीकडून वेगळी, उजवीकडून वेगळी.

अण्णा म्हणजे बसवराज. बीडमध्ये त्यांचं वडिलोपार्जित भांड्यांचं दुकान. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, मग दुकानावरच्या खोलीत गिटार, आणि त्यानंतर शटर वर. गिऱ्हाईक कुकर बघता बघता विचारायचं, "वर काय वाजत होतं वो मघाशी?" अण्णा कुकरचं झाकण बसवून दाखवत म्हणायचे, "मीच होतो." लाजणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मी त्यांच्या ऑर्केस्ट्रात गायला आले तेव्हा माझ्या वडिलांना त्यांनी सांगितलं होतं, "पोरगी स्टेजवर माझ्या शेजारी उभी राहील. बाकीचं माझ्यावर सोडा." त्यानंतर मी कायम तिथंच उभी राहिले.

त्यांच्या डोक्यात गिटारचे दोन आवाज होते. एक स्वच्छ, काशाच्या ताटलीवर चमचा हळूच टेकवावा तसा. दुसरा खरखरीत, तापलेला, अंगावर येणारा. एकाच ॲम्पवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यावर, पायाखालचं पेडल दाबलं की खरखरीत आवाज यायचा, पण स्वच्छ निघून जायचा. "मला दोघंबी पायजेत," ते म्हणायचे. "कदी ह्यो, कदी त्यो, कदी दोघं मिळून." म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून दुसरा ॲम्प आणला आणि पुण्याहून एक स्प्लिटर मागवला. आम्ही त्याला डबीच म्हणायचो. गिटारची एक वायर डबीत जायची आणि दोन बाहेर पडून दोन ॲम्पना मिळायच्या. वर पायानं दाबायची दोन बटणं. एकानं या ॲम्पवरून त्या ॲम्पवर जायचं, दुसऱ्यानं दोन्ही एकदम चालू करायचे. स्टेजवर एक ॲम्प डावीकडे, एक उजवीकडे आणि मध्ये आम्ही दोघं.

डबी पहिल्यांदा स्टेजवर नेली ती माजलगावला, एका बड्या घरच्या लग्नातल्या कार्यक्रमात. मांडव भरलेला. अण्णांनी दोन्ही ॲम्प जोडले आणि हूंऽऽ असा घुमारा सुरू झाला. एकेकटे लावले तर दोन्ही गप, एकत्र लावले की गुणगुणायला लागायचे. दोन्हीकडच्या अर्थिंगचा फेरा झाला की असं होतं, हे मला नंतर कळलं. मांडववाल्यांचा वायरमन पकड घेऊनच आला. म्हणाला, "एका प्लगची अर्थिंगची पिन तोडतो. आवाज लगेच जातोय."

"जाईल," अण्णा म्हणाले. "पर तोडायची न्हाई."

यजमान चिडले. पाहुणे ताटकळलेत, पुढारी येऊन बसलेत. आमच्यातलेही कुरकुरायला लागले. सलीमभाई म्हणाले, "अण्णा, सब करते हैं. कुछ नहीं होता."

अण्णांनी आवाज चढवला नाही. "आमी दोघं एका माईकवर गातो. माझे हात तारंवर, तोंड माईकपाशी. ॲम्पमधून करंट उतरला तर त्याला जायाला दुसरी वाट न्हाई. मी जाईन, अन् ही शेजारी हाय." मग त्यांनी दुसऱ्या ॲम्पची वायर काढली, गुंडाळून ठेवली आणि सगळा कार्यक्रम एकाच ॲम्पवर वाजवला. एवढ्या हौसेनं आणलेली डबी तशीच पेटीत गेली. परतताना गाडीत कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. ते मात्र खुशाल शेंगा खात बसले होते... चुकलो असं त्यांना मुळी वाटलंच नव्हतं.

पुढे त्यांनी विचारपूस करून एका वायरीच्या वाटेत छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला. आवाज त्यातून पलीकडे जातो, पण दोन्ही ॲम्पची अर्थिंग एकमेकींना भिडत नाही. घुमारा गेला आणि पिन शाबूत राहिली. तरी दोन्ही मिळून आवाज पोकळ यायचा. एक ॲम्प उलटा चालतोय, हा पुढे ढकलतो तेव्हा तो मागे ओढतो, हे अण्णांनीच हेरलं. ते सरळ केल्यावर खोलीत पहिल्यांदा दोन्ही आवाज एकत्र उभे राहिले. मी गाता गाता थांबलेच. अण्णा म्हणाले, "थांबू नको. आता तर खरं गाणं हाय."

कपिलधारच्या यात्रेत आम्ही भजनं केली तेव्हा पहिल्या रांगेत त्यांचे वडील बसले होते. गिटार म्हणजे दंगा, असं त्यांचं ठाम मत. अण्णांनी सुरुवातीला नुसता स्वच्छ आवाज ठेवला. शेवटच्या कडव्याला दुसरा असा अलगद मिसळला की लोकांच्या टाळ्यांचा ठेका आपोआप वाढला. उतरल्यावर वडील म्हणाले, "भजनाला धक्का लागू दिला न्हाईस." त्या घरात ही मोठी शाबासकी होती.

मग किडनीचं दुखणं आलं. डायलिसिस सुरू झालं, डाव्या हाताची बोटं सुन्न पडायला लागली. बीडमधल्या शेवटच्या कार्यक्रमाआधी सलीमभाईंनी मायेनंच सुचवलं, "तो खरखरीवाला चालू रखो, अण्णा. चुकलं तर कळणार नाही." अण्णा हसले. "झाकायला न्हाई आणला त्यो." आणि त्यांनी सबंध संध्याकाळ स्वच्छ ॲम्पवर वाजवली. सुरावटी अर्ध्या केल्या, जिथं बोट पोचणार नाही ती जागा मोकळी सोडली. त्या जागांमध्ये मला गाता आलं तसं मी आधी कधी गायले नव्हते. त्यांचा एकच सूर घसरला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली, आणि पुढचा सूर नेमका लावला.

अण्णांचे सगळे विधी उरकल्यावर परवा त्यांच्या बायकोला, मंगलवहिनींना, भेटायला गेले. दुकान आता त्यांचे दीर बघतात. वहिनी मला वरच्या खोलीत घेऊन गेल्या. गिटार, दोन्ही ॲम्प, डबी, सगळं जागच्या जागी होतं. कुणी काय न्यायचं ते बोलायला मी आले आहे, असं त्यांना वाटलं असावं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"कुनीच काई नेऊ नका," त्या म्हणाल्या. "मला गान्यातलं कळत न्हाई, शालू. पर सकाळी शटर उघडायच्या आदी घर लई गप असतंय. तुमी सगळे कदी बसताव इथं?"

मी रविवार सांगितला. सलीमभाई येणार आहेत, अंबाजोगाईचा एक नवा गिटारवाला येणार आहे. निघताना गच्चीवर बघितलं तर वहिनींनी खोलीतल्या सतरंज्या आधीच धुवून वाळत घातल्या होत्या.