सातशे सत्तेचाळीस किलोमीटर

गाडी घेतली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. घरात चारचाकी आणणारा मी पहिलाच. वडिलांनी उभा जन्म गाडी चालवली, पण ती दुसऱ्याची. गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली, अशी काळी-पिवळी जीप. मालक आमच्या गोरेगावातलेच एक दुकानदार. त्यांच्या दोन जिपा होत्या. एक बाबा चालवायचे आणि दुसरी काका. हे काका नात्याचे नव्हेत. ते मूळचे हट्ट्याचे, मराठा. आम्ही बौद्ध. पण दोघांची जेवणं वीस-बावीस वर्षं एकाच डब्यात झाली. कधी आईचा डबा, कधी काकूंचा.

त्या जिपांचे काटे कधीच चालू नसत. टाकीचं झाकण काढून बाबा आत एक काडी घालायचे, ती किती भिजली ते बघायचे आणि सांगायचे, "दोन फेऱ्या होतील. तिसरी न्हाई." तिसरी कधीच व्हायची नाही. बाबांची गाडी रस्त्यात डिझेल संपून उभी राहिली असं मी कधी ऐकलं नाही.

मी शिक्षक झालो, हिंगोलीत राहायला आलो. आमच्या शाळेत आठ-दहा जणांकडे गाड्या. मधल्या सुट्टीत बोलणं निघालं की पहिला प्रश्न, "अ‍ॅव्हरेज किती देते?" माझ्यासारखीच, त्याच कंपनीची गाडी असलेले एक सर होते. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "फुल टाकीवर सातशे बेचाळीस किलोमीटर चालवली. मधे एक थेंब टाकला नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चालवणाऱ्यावर असतं ते."

एवढंसंच बोलणं. पण ते माझ्या डोक्यात बसलं. जीपवाल्याचा पोरगा मी, आणि मला गाडी चालवण्यावरून बोलतात! दिवाळीच्या सुट्टीआधी टाकी काठोकाठ भरून घेतली, ट्रिप मीटर शून्यावर आणलं. एसी बंद. ऐंशीच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. बायको म्हणाली, "काय बैलगाडी चालवताय का?" मी हसलो. शाळा, सासरवाडी, गोरेगाव असं करत करत सव्वासहाशेच्या आसपास आलो. पिवळा दिवा लागायच्या बेतात होता. पण समोरच्या पडद्यावर अजून किती अंतर जाईल तो आकडा येतो, त्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

त्याच वेळी हट्ट्याहून फोन आला. काकांचा मुलगा बोलत होता.

"सर, आबाचं काही खरं न्हाई. तुमच्या बाबाची आठवण काढून राहिलेत. आज जरा बरं बोलायलेत. घेऊन येता का त्यांना?"

मी पुन्हा विचारलं, "बाबांना?" कारण बाबा आणि काका अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते.

झालं होतं असं. एकदा बाबांची जीप दुरुस्तीला होती, म्हणून ते काकांच्या शेजारी बसून हिंगोलीला निघाले होते. सेनगावच्या अलीकडच्या वळणावर जीप पलटी झाली. बाबांचा गुडघा कायमचा अधू झाला आणि मागे बसलेल्या एका बाईचा पाय मोडला. पुढे चौकशी झाली तेव्हा काकांनी सांगितलं, अचानक बैल आडवा आला. बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "बैल न्हवता. त्यो बिडी पेटवून राहिला होता."

काकांचं लायसन्स गेलं. ते बायको-मुलांना घेऊन हट्ट्याला शेतीवर निघून गेले. जाताना आमच्या दारावरून गेले, पण थांबले नाहीत. बाबा त्या दिवसाबद्दल घरात कधी काही बोलले नाहीत. एकदाच आईनं विचारलं होतं, "म्हणला असता बैल होता, तर काय बिघडलं असतं?" बाबा म्हणाले, "त्या बाईचा पाय बिघडला ना." पुढे आईही गेली. काका तेव्हाही आले नाहीत.

तर फोन आला तो सकाळी सातला. मी बाबांना कळवलं आणि तसाच गोरेगावला निघालो. नऊला पोचलो तर बाबा जीपच्या थांब्यावरच येऊन उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस तेल लावून बसवलेले. हातात काही नव्हतं.

"काही घ्यायचं का बरोबर? फळं वगैरे?"

"काय घेऊ? त्याला माझं तोंड दिसलं की बास झालं," ते म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले. अधू पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

सेनगाव गेलं. ते वळण आलं तेव्हा बाबांनी खिडकीबाहेर बघितलं नाही, समोरच बघत राहिले. हिंगोलीत शिरलो तेव्हा ट्रिप मीटरवर सहाशे सत्त्याण्णव होते. पंप डाव्या हाताला होता. बाबांनी डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे बोट केलं.

"टाकून घे."

"अजून ऐंशी किलोमीटर जाईल बाबा. इथं आकडाच येतो. हट्टा पंचावन्नच आहे."

"पुढं चढ हाय. जवळ्याचा बाजार बी हाय आज. गाडी उभी राहून बी पिती."

"ही जीप नव्हे बाबा. हिला सगळं बराबर कळतं."

ते पुढे काही बोलले नाहीत. त्यांची सवयच होती ती, एकदा सांगायचं. मी पंप मागे टाकला. पेट्रोल टाकायला फार तर पाच मिनिटं लागली असती. मी ती पाच मिनिटं वाचवत नव्हतो. टाकलं असतं तर माझा आकडा सहाशे सत्त्याण्णवावर थांबला असता, एवढंच कारण होतं. बाबांना हे मी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली असती, म्हणजे तेव्हाही मला कळत होतं.

औंढ्याच्या चढाला पडद्यावरचा आकडा भराभर उतरला. मी एसी नव्हताच लावला, आता वाऱ्याचा अडथळा नको म्हणून काचाही वर केल्या. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. ते रुमालानं टिपत होते आणि मधूनच काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, त्यांना काही हवंय.

"काय म्हणालात?"

"काही न्हाई. काय बोलावं त्याच्याशी, ते बघून राहिलो."

जवळा बाजारात शिरलो आणि अडकलो. कापसाच्या ट्रॉल्या, सोयाबीनचे टेम्पो, मधूनच मोटारसायकली, रस्त्यावर आलेल्या भाजीच्या पाट्या. पाऊण तास इंच इंच सरकलो. मी गाडी बंद करायचो, चालू करायचो. आकडा अठरावर आला. गर्दी फुटली त्या ठिकाणाजवळ एक पंप होता, पण समोरच्या बाजूला, आणि पुढे ट्रॅक्टरांची रांग. मी म्हटलं, "आता आलोच. दहा किलोमीटर तर राहिलं."

बाबांनी पंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

गाव मागे पडलं आणि मीटरवर सातशे त्रेचाळीस झाले. मी मनातल्या मनात हसलो. शेजारी बाप अकरा वर्षांनी आपल्या दोस्ताला भेटायला निघालाय, तो दोस्त खाटेवर आहे, आणि माझ्या मनात काय आलं, तर सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये त्या सरांचं तोंड कसं होईल! ते हसू मला अजून आठवतं. बाकी सगळं विसरलो तरी ते विसरणार नाही.

सातशे सत्तेचाळीसला गाडीनं दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला थांबली. पडद्यावर तेव्हाही काहीतरी आकडा होता. किती, ते मी पाहिलं नाही.

बाबा खाली उतरले. रागावले नाहीत. बाभळीच्या सावलीत जाऊन दगडावर बसले. मी हात करून करून एक मोटारसायकल थांबवली. तो भला माणूस हट्ट्याकडेच निघाला होता. पण माझी अडचण ऐकून म्हणाला, "चला, पंपावर सोडतो तुमाला." मी त्याच्या मागे बसलो आणि जवळ्याकडे परत फिरलो.

बाबांना त्याच्या मागे बसवून सरळ हट्ट्याला पाठवावं, हे मला सुचलं नाही. पाच-सहा किलोमीटर होतं. पाय अधू होता, पण सावकाश नेलं असतं तर ते बसले असते. दहा-पंधरा मिनिटांत पोचले असते. मला गाडी चालू करायची होती. माझी गाडी, माझी चूक, मीच निस्तरणार. बाबांना मी तिथंच दगडावर सोडलं.

पंपावर बाटलीत पेट्रोल देईनात. किराणा दुकानातून तेलाचा रिकामा कॅन मिळवला. परत रांग. परत येणारं वाहन शोधलं. येऊन पेट्रोल ओतलं, गाडी सुरू झाली तेव्हा दीड वाजून गेला होता.

हट्ट्यात काकांच्या घरासमोर चार-पाच माणसं उभी होती. काकू ओट्यावर बसलेल्या. बाबांना पाहून त्या उठल्या आणि त्यांना रडू फुटलं.

"भाऊजी, आत्ताच नेलं हो परभणीला. पाऊण तास बी झाला नसल. सकाळपासून नुसतं दाराकडं बघत होते. 'आला का, आला का' म्हणून तीनदा विचारलं. बाराच्या सुमाराला बी म्हणले, मला उठून बसवा, त्यो आला की पडून कसं बोलू. आमी बसवलं. बसले बी. मग एकदम दम लागला."

खोलीत खाटेवर उशा तशाच भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. शेजारी एक खुर्ची होती, खाटेच्या अगदी जवळ ओढलेली. बाबा त्या खुर्चीवर बसले नाहीत. उंबऱ्यातून बघितलं आणि म्हणाले, "चल परभणीला."

आम्ही गेलो. तिथं काकांना काचेच्या आत ठेवलं होतं. तोंडात नळी, डोळे मिटलेले. बाबांना दोन मिनिटं आत सोडलं. त्यांनी काकांचा हात धरला आणि वाकून हाक मारली, आडनावानं, जशी जीपच्या थांब्यावर मारायचे तशी. काकांनी डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते गेले. मधे एकदाही शुद्धीवर आले नाहीत.

माती झाल्यावर बाबांनी काकूंना विचारलं, "काही बोलला होता का? मला काय सांगणार होता?"

काकू म्हणाल्या, "मला न्हाई सांगितलं, भाऊजी. मी विचारलं तर म्हणले, ते त्यालाच सांगतो."

मी मागेच उभा होतो.

सुट्टी संपून शाळा भरली. त्या सरांनी विचारलं, "मग, किती झाले?" मी म्हटलं, "बघायचं राहून गेलं." ते हसले. बाकीचेही हसले. मी वह्या घेऊन वर्गावर गेलो.

बाबांनी मला कधीच बोल लावला नाही. त्याचाच त्रास होत होता. शेवटी उन्हाळ्यात गोरेगावला गेलो होतो, तेव्हा मीच विषय काढला. दुपार होती. बाबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

म्हटलं, "बाबा, तुम्ही हिंगोलीत सांगितलं तेव्हा मी पेट्रोल टाकायला पाहिजे होतं."

"व्हय. टाकायला पाहिजे होतं," ते म्हणाले. समजूत घालायची म्हणून खोटं बोलणाऱ्यातले ते नव्हतेच. दोन शेंगा फोडून पुन्हा म्हणाले, "पण एक गोष्ट तुला म्हाईत न्हाई. त्यो मोटारसायकलवाला थांबला ना, त्यो हट्ट्यालाच निघाला होता. मला बी ऐकू आलं. मी म्हणू शकलो असतो, मला ने."

"मग काहून नाही म्हणालात?"

त्यांनी हातातली शेंग तशीच धरून ठेवली.

"भ्या वाटलं. अकरा वर्सं झाली, आता समोर जाऊन बोलायचं काय? त्यानं म्हणलं असतं, तू माझी रोजीरोटी घालवली, तर मी काय म्हणलो असतो? बैल तर न्हवताच. ते मी आज बी बदलणार न्हाई. पण गाडी बंद पडली तवा, खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं. म्हणलं, चला, तासभर मिळाला. तेवढ्यात काही सुचंल." त्यांनी ती शेंग फोडली. "सुचलं बी. त्या दगडावर बसून सगळं जुळवलं होतं मी, काय काय बोलायचं ते."

काय जुळवलं होतं, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. माझ्या मनावरचं ओझं त्यांनी थोडं आपल्याकडे ओढून घेतलं होतं, पण त्यानं माझं काही हलकं झालं नाही. उलट वाटलं, भ्यालेल्या माणसाला कुणीतरी हात धरून न्यावं लागतं. ते काम माझं होतं. आणि मी तर आकडा बघत होतो.

माझं चुकलं, हे दोन शब्द मला त्या दुपारीही म्हणता आले नाहीत. तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात बाबा शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाले, "पुढल्या आठवड्यात हट्ट्याला जाऊन यावं म्हणतो. वहिनी एकटीच असती दिवसभर, पोरं शेतात. तुला येळ हाय का?"

मी म्हटलं, "आहे."

ते उठले, पाय ओढत आत गेले आणि फोडलेले दाणे एका पिशवीत भरायला लागले, काकूंसाठी.