दादाच्या हाताची उलथणी

प्रदर्शन म्हटलं की हल्ली मला नको नको होतं. लोकांना वाटतं काय मजा आहे, सजवलेल्या टेबलामागे बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारायच्या. या एकदा उजाडायच्या आत लाकडी सामानाची खोकी जिन्यावरून उतरवायला, म्हणजे कळेल मजा! टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो, मिटतं टेबल ऐनवेळी मिटत नाही, चादर अंथरावी तर तिच्यावर मागच्या वेळचा चहाचा डाग. आणि एवढं झाल्यावर दिवसभर हसायचं. गाल दुखतात हो हसून हसून.

हे सगळं मी करते ते माझ्या थोरल्या भावासाठी. दादा सुतार आहे, पण दारं-खिडक्या करणारा नाही. तो स्वयंपाकघरातल्या वस्तू करतो. लाटणी, पळ्या, भाजी चिरायच्या फळ्या, आणि मुख्य म्हणजे उलथणी. करायचं काम त्याचं, विकायचं माझं, ही आमची वाटणी फार जुनी. तो गिऱ्हाइकासमोर बसला की मूग गिळून बसतो आणि मी गप्प बसायचे पैसे घेत नाही. एरवी मी घरी शिवणकाम करते. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, त्यामुळे दादाची माझी गाठ पडते ती प्रदर्शनालाच. मधल्या काळात फोन. फोनवर तो 'हं' आणि 'बरं' एवढे दोनच शब्द वापरतो.

दादाची एक खोड आहे. उलथण्याचा आकार मशीनवर कापून झाला की तो एका जाड बुडाच्या कढईत ओला भुसा घेतो आणि त्या उलथण्याने परतायला लागतो, जणू खाली गॅस पेटलाय आणि जेवायला माणसं खोळंबलीत. कुठे हाताला टोचलं, कुठे कड बुडाला नीट टेकली नाही, की थांबायचं, कानशीने घासायचं, पुन्हा परतायचं. लाकूड हाताला लागेनासं झालं की मगच त्याला तेल. वहिनी म्हणायची, "घरात कधी कांदा परतला नाहीत आणि इथे तासन् तास भुसा परतताय!" दादा म्हणायचा, "कांद्याला चव असते. चुकलं तरी खपतं."

त्याच्या उलथण्याची कड तिरकी असते, पात्याला एका बाजूने किंचित बाक असतो आणि दांड्यावर अंगठा टेकायला हलकासा खळगा. बघून काही कळत नाही. म्हणून माझी विकायची रीतही सोपी. मी लाकडाचे गुण सांगत नाही, आमच्या कष्टांचं रडगाणं गात नाही. फक्त म्हणते, "हातात घेऊन बघा." एकदा हातात घेतलं की बाई ते खाली ठेवत नाही. नवऱ्याशी बोलत राहते, शेजारच्या टेबलावरची कानातली बघते, पण उलथणं हातातच. मग नवरा निमूट पाकीट काढतो. इतकी वर्षं असंच चाललंय.

पण दमलो हो आम्ही. वहिनीचे गुडघे गेले, ती यायची बंद झाली. माझी कंबर सकाळी वाकली की संध्याकाळपर्यंत सरळ व्हायचं नाव घेत नाही. दादाचं तर विचारूच नका. म्हणून या वेळी आमचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. भांड्यांचं मोठं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या बहिणीकडे दादाचं उलथणं वापरून पाहिलं होतं. त्यांचा फोन आला, की प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी येते, माल बघते, आवडला तर कायमची ऑर्डर देते. दादा माल करणार, दुकानाची माणसं येऊन नेणार. टेम्पो नको, टेबल नको, चादर नको. दादाने स्वतःहून फोन करून मला हे सांगितलं, त्यावरून काय ते समजा. "एवढं जमलं ना," तो म्हणाला, "की तुला मोकळं करतो." मला वाटलं, देव पावला.

आणि नेमकं या प्रदर्शनाला उलथणी हलेनात.

पहिल्या दिवशी मी नेहमीसारखं म्हटलं, "हातात घेऊन बघा." बाईने घेतलं, जरा फिरवलं आणि ठेवलं. दुसरीनेही ठेवलं. एकीने तर ठेवताना बोटं चोळली, काहीतरी चिकटल्यासारखी. लाटणी जात होती, फळ्या जात होत्या, उलथणी मात्र जागची हलायला तयार नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी मी हॉलमधल्या दिव्यांना नावं ठेवली, मग शेजारच्या मेणबत्तीवाल्याला. त्याच्या सुगंधी मेणबत्त्यांनी माझं डोकं उठलं होतंच, गिऱ्हाइकांचंही उठत असणार. "तुमचं लाकूड माझ्या मेणबत्तीने पळालं का हो?" तो हसत म्हणाला. मी म्हटलं, "लाकूड नाही, माणसं पळाली."

दादा मागे स्टुलावर बसून होता. अंगात जाकीट, उजवा हात खिशात. खोकी उतरवतानाही त्याने नुसता एका हाताने हातभार लावला होता आणि मी मनात चरफडले होते, की आला वाटतं आळस म्हातारपणी. "काय रे, काय झालंय यांना?" मी विचारलं. त्याने उलथण्यांवरून नजर फिरवली. "घासायला कमी पडलो असेन," म्हणाला.

दुसरा दिवसही तसाच गेला. माशा मारायला माशा तरी हव्यात, त्याही मेणबत्त्यांच्या वासाने आल्या नाहीत. संध्याकाळी आवराआवर करताना मी एक उलथणं पिशवीत टाकलं. म्हटलं, घरी जाऊन बघू तरी याचं काय दुखणं आहे ते. उद्या त्या दुकानवाल्या बाई येणार आणि बोटं चोळत निघून जाणार, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

घरी आल्यावर बटाट्याच्या काचऱ्या टाकल्या आणि ते उलथणं घातलं. झालं! कड बुडाला टेकेना. टेकवायला जावं तर मनगट पिळवटतं. अंगठ्याला खळगा सापडेना, तो भलतीकडेच. काचऱ्या खाली लागायला लागल्या आणि मी घाईघाईने उजव्या हाताने गॅस बारीक केला. तेवढ्यापुरतं उलथणं डाव्या हातात गेलं. आणि काय सांगू! अंगठा आपोआप खळग्यात जाऊन बसला. कड बुडाला अशी सपाट टेकली की काचऱ्या सरसर सुटून आल्या. मी डावखुरी नाही, माझा डावा हात म्हणजे नुसता शोभेला. तरी त्याला ते उलथणं कळलं.

"बाई गं," मी एकटीच म्हणाले, "याने सगळी उलटी केली!"

मला काय वाटलं असेल? साचा उलटा ठेवला असणार, मशीनवर एकदा चूक झाली की सगळा माल तसाच. रात्रभर मी मनातल्या मनात त्याला झापत होते. इतकी वर्षं काम करणारा माणूस, आणि ऐन मोक्याला ही माती खावी?

सकाळी हॉल उघडल्या उघडल्या मी टेबलावरची सगळी उलथणी हातात घेऊन पाहिली. सगळी तशीच. मग खोक्याच्या तळाशी हात घातला. मागच्या वर्षीची थोडी उलथणी तिथे होती, लाकडात गाठ आली म्हणून बाजूला काढलेली. ती उजव्या हातात लोण्यासारखी बसली. तेवढ्यात दादा आला.

"ये शहाण्या," मी म्हटलं. "हे काय करून ठेवलंयस? धर हे आणि परतून दाखव!"

त्याने नवं उलथणं घेतलं, डाव्या हातात. हवेत दोनदा फिरवलं. "बरोबर तर आहे," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं, तो माझ्याकडे बघत होता की हिला झालंय काय.

"उजव्या हाताने धर."

त्याने खिशातला हात आणखी आत सारला.

"दादा, उजव्या हाताने धर ना."

मी पुढे होऊन त्याचा हात खिशातून ओढून काढला. तो हात माझ्या हातात आला तो नुसता आला, त्यात काही जोरच नव्हता. अंगठा आणि दोन बोटं आत वळलेली. मी त्यात उलथणं ठेवलं, ते घरंगळून खाली पडलं. मेणबत्तीवाल्याने मान वर केली आणि लगेच खाली घातली. भला माणूस.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडी सरल्यापासून. नस गेलीय म्हणतात डॉक्टर. परत येईलसं नाही." मग लगेच, "मशीनवर अडत नाही. लाकूड शिकंज्यात आवळलं की कानस डाव्या हाताने चालते. हळू चालते, पण चालते."

"आणि भुसा परतायचास तो?"

"तोही डाव्यानेच." म्हणता म्हणता त्याने खाली पडलेल्या उलथण्याकडे बघितलं, मग टेबलावर मांडलेल्या सगळ्या उलथण्यांकडे. त्याला तेव्हा कळलं. मशीन नुसता ढोबळ आकार काढायचं, कड-बाक-खळगा यायचे ते घासण्यातून, आणि प्रत्येक उलथणं त्याने हाताला लागेनासं होईपर्यंत घासलं होतं, नेहमीच्याच प्रामाणिकपणाने. फक्त हात दुसरा होता. आपला हात बदललाय हे लपवता लपवता तो स्वतःही विसरला होता.

"वहिनीला माहीत आहे?"

"शर्टाची बटणं तीच लावते."

मला इतका राग आला, इतका राग आला! मी काय परकी आहे? फोनवर 'हं' आणि 'बरं' म्हणत होता, त्यात एकदा 'हात गेला' म्हणायला काय झालं होतं? मी त्याला तसं तिथेच सुनावलं आणि सुनावता सुनावता रडायला लागले. तो म्हणाला, "तुला मोकळं करायचं होतं आधी. सांगितलं असतं तर ऑर्डर नको म्हणाली असतीस."

खरं होतं. म्हणालेच असते.

दुपारी दुकानवाल्या बाई आल्या. सुती साडी, चष्मा गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. मी टेबलावरची नवी उलथणी खोक्यात टाकली होती आणि गाठी असलेली जुनी मांडली होती. माझ्या तोंडून ते नेहमीचं वाक्य निघेना. बाईंनीच एक उचललं. त्या हॉल बघत राहिल्या, दादाची चौकशी केली, पाण्याची बाटली डाव्या हाताने उघडायला गेल्या आणि मलाच उघडून मागितली, कारण उजवा हात उलथण्याने अडलेला. "असंच हवं," त्या म्हणाल्या. "गाठ असली तरी चालेल. महिन्याला किती देऊ शकाल?"

मी दादाकडे बघितलं. त्याने नुसतं 'हो' म्हणायचं होतं, पुढचं पुढे बघितलं असतं. पण तो स्टुलावरून उठला, त्याने खोक्यातून एक नवं उलथणं काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "तुमच्या हातातलं जुनं. आता माझ्याकडून हे असं होतं," असं म्हणून त्याने आपला उजवा हात टेबलावर ठेवला, लोकांपुढे, चादरीवरच्या त्या डागाशेजारी. "जुन्यासारखं करायला चालता उजवा हात लागेल. माझा नाही."

बाईंनी दोन्ही उलथणी आलटून पालटून पाहिली. "मला माल हवाय हो," त्या हलकेच म्हणाल्या. "हात कुणाचा ते तुम्ही ठरवा. पण ठरलं असेल तरच मला हो सांगा."

दादाने टेबलावरचा हात मागे घेतला. मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की तो आता नाही म्हणणार. आणि नाही म्हटलं की संपलं. मग त्याच्या लहानशा कारखान्याला कुलूप लागणार, आणि तो घरात खुर्चीवर बसून वहिनीकडून बटणं लावून घेणार. माझी कंबर ठणकत होती. खरं सांगते, मला आता काही म्हणजे काही नको होतं. प्रदर्शन नको, भुसा नको, लाकूड तर डोळ्यांसमोरसुद्धा नको होतं.

"होतील," मी म्हटलं. "भुसा परतायला मी जाईन."

बाई पहिल्या मालाची तारीख ठरवून गेल्या. दादा माझ्याकडे वळला. "रोज यावं लागेल तुला," तो म्हणाला. "इतक्या लांबून. एकेक उलथणं धरून बघायचं, हाताला लागलं की सांगायचं. कंटाळून चालणार नाही."

"माहितेय."

"तुझं शिवण?"

"संध्याकाळी करीन. आता डोकं नको खाऊस."

मग त्याने माझा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला. फळी निवडताना बघतो तसा उलटा-सुलटा करून पाहिला. बोटं एकेक करून दुमडली, अंगठा कुठे टेकतो ते बघितलं, मूठ वळवून घेतली आणि सोडवली.

"तुझा हात लहान आहे गं," तो म्हणाला. "दांडा बारीक करावा लागेल. खळगाही पुढे घ्यावा लागेल."

"मग घे."

"घेईन. पण मग ती माझी उलथणी राहणार नाहीत."

मी हात मागे घेतला नाही. माझी मूठ तशीच हातात धरून तो अंगठ्याची जागा पुन्हा पुन्हा चाचपत राहिला.