नावापुढे 'येतंय'

"अत्यंत महत्त्वाचे. सर्व केंद्रांनी हातातली कामे बाजूला ठेवून वाचावे. मिठबाव केंद्राच्या मोठ्या वजनकाट्यावर मांजरी व्याली असून माता व तिन्ही बाळे सुखरूप आहेत. पुढील सूचना मिळेपर्यंत मिठबावचे वजन जुन्या काट्यावर होईल, एका वेळी वीस किलोच. ज्यांना घाई असेल त्यांनी माल थेट नांदगावी न्यावा. मांजरीला घाई नाही."

ही सूचना एका सकाळी आमच्या संस्थेच्या सगळ्या संगणकांवर झळकली, आणि नांदगावच्या मुख्य कार्यालयात मी हसता हसता खुर्चीसकट भिंतीला जाऊन टेकले. कार्यालयाचे प्रमुख, आमचे साहेब, हसले नाहीत. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मांजरी अजून काट्यावरच आहे ना, याची खात्री करून घेतली.

सूचना लिहिणारे गृहस्थ मिठबाव केंद्राचे प्रमुख. नाव सांगत नाही. आम्ही त्यांना भाई म्हणायचो, आणि आमच्या जिल्ह्यात दर तिसऱ्या घरात एक भाई असल्यामुळे गुप्तता आपोआप राखली जाते. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं. कानावर पेन्सिल, अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि टाइप करण्याची अशी पद्धत की बघणाऱ्यानं तिकीट काढावं. उजव्या हाताच्या एका बोटानं ते अक्षर दाबत आणि डाव्या हातानं पडदा धरून ठेवत, सोडला तर जणू पळून जाईल.

आमची संस्था फळांवर प्रक्रिया करते. वैभववाडीला काजू, मिठबावला कोकम, नांदगावला गोदाम आणि आम्ही कागदवाले. वर्षानुवर्षं ही तीन ठिकाणं एकमेकांशी बोलत ती मालाच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या तोंडून, आणि त्याच्या तोंडात बहुतेक वेळ पान. म्हणून संचालकांनी एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात सगळ्यांच्या नावांची यादी, नावापुढे ठिपका, माणूस कामावर असला की हिरवा, नसला की राखाडी. एक सूचनाफलक. आणि कुणालाही काहीही लिहून ठेवता येईल अशी कोरी पानं. हे सगळ्यांना शिकवायचं काम माझ्यावर आलं. मी कार्यालयात सगळ्यात जास्त बोलते, एवढीच माझी पात्रता.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र त्यात काही नव्हतं. हंगाम संपला की संचालकांपुढे अहवाल जाणार होता आणि त्यावरून मिठबाव केंद्र ठेवायचं की नांदगावात मिसळून टाकायचं, हे ठरणार होतं. केंद्र लहान. तिथे नऊ बाया रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतात, सालं रसात बुडवून सुकवतात, त्याची सोलं होतात. सगळ्या पायी येणाऱ्या. नांदगावला यायचं तर दोन एसट्या आणि दोन परतीच्या. कोण येणार?

"माझा काय नाय गो," भाई मला म्हणाले, "मी आज ना उद्या घराक बसतलंय. पण ह्या नऊ जणी खंय जातल्यो?"

आता पहिल्या सोमवारची गोष्ट ऐका. या सॉफ्टवेअरचं मराठी ज्यानं केलं, त्याच्या घरी बहुधा कुणी मराठी बोलत नसावं. माणूस पंधरा मिनिटं संगणकापासून दूर राहिला की त्याच्या नावापुढे शब्द उमटायचा, 'गेले'. भाई रातांबे उतरवून घ्यायला खळ्यात उतरले. वैभववाडीच्या सुलभानं, म्हणजे काजूकेंद्र सांभाळणाऱ्या आमच्या बाईंनी, संगणक उघडला. पडद्यावर ठसठशीत : "भाई (मिठबाव) : गेले."

सुलभा जी रडायला लागली ती थांबेना. फोन करायचंही तिला सुचलं नाही. गाडी सुटायच्या बेतात होती, तिच्यातून तिनं हार आणि नारळ पाठवून दिला. ड्रायव्हरनंही वाटेत पान खाल्लं नाही. तो मिठबावला पोचला तेव्हा भाई कंबरेवर हात ठेवून काट्याजवळ उभे. ड्रायव्हर हार घेऊन दारातच थिजला. भाईंनी सगळं ऐकून घेतलं, हाराचा वास घेतला, आत गेले आणि तो हार संगणकाच्या पडद्याला घातला.

"बातमी जेणां दिली, मान तेचो," म्हणाले.

मग मला फोन. "बाय गो, तुझ्या यंत्राक सांग, मी आसंय. पंधरा मिनटां माउस हल्लो नाय काय माका मेलो ठरवता! ह्यो शब्द माझ्या नावापुढे मी जिवंत आसापर्यंत लावूचो नाय."

मी सांगितलं की त्या जागी आपल्याला हवा तो शब्द लिहिता येतो. लिहिला की तो पुसेपर्यंत तसाच राहतो. भाई खूश. त्या दिवसापासून केंद्राबाहेर पाऊल टाकताना ते एका बोटानं तिथे लिहू लागले, 'येतंय', म्हणजे आमच्या बोलीत 'येतो'.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. साहेबांनी पहिली ऑनलाइन बैठक बोलावली. सगळे हजर, मिठबाव नाही. नावापुढे 'येतंय'. साहेब म्हणाले, येतायत तर थांबूया. पाच मिनिटं झाली. दहा झाली. साहेब पुण्याचे. दहा मिनिटं म्हणजे त्यांच्या हिशेबी एक आजारपण. शेवटी मी भाईंच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, भाई खंय?"

"खाडीर आसत. कोकमाची होडी येवची आसा."

"अहो, पण इथे त्यांनी 'येतंय' लिहून ठेवलंय!"

"मगे?" वहिनींचा आवाज चढला. "भायर पडताना माणूस काय लिवतलो? 'जातंय' लिवूचा काय?"

फोन स्पीकरवर होता. साहेबांनी ऐकलं. आता तुम्हीच सांगा, उंबरा ओलांडताना 'जातो' म्हणणारा माणूस तुमच्या घरात आहे का? साहेबांच्याही आईनं त्यांना हेच शिकवलं असणार. पण पडद्यावर छापलेलं अक्षर वाचताना माणूस आईचं शिकवलेलं विसरतो. "त्यांना सांगा," साहेब म्हणाले, "मी कुणासाठी थांबत नसतो."

मी सांगितलं. भाई म्हणाले, "बरां."

महिनाअखेर पहिला अहवाल छापून आला. मिठबाव : उपस्थिती नगण्य. भाई दिवसभर खळ्यात, खाडीवर, काट्यापाशी. ठिपका दिवसभर राखाडी. तो कागद मी मालाच्या गाडीतून स्वतः घेऊन गेले. भाईंनी वाचला. बाया सोलं परतत होत्या, त्यांच्याकडे बघतच ते म्हणाले,

"म्हणजे नुसता काम करून भागाचा नाय. काम दिसाक होया."

"तसंच आहे, भाई."

"आणि ह्यात लिवला काय सगळ्यांक दिसता?"

"सगळ्यांना."

"मगे बस."

दुसऱ्या दिवसापासून मिठबावनं ते सॉफ्टवेअर असं वापरायला घेतलं की विकणाऱ्यानंही वही काढून बसावं. आम्ही शहाणी माणसं त्यात काय लिहायचो? 'परिपत्रक वाचले.' 'नोंद घेतली.' भाईंनी कोरी पानं भरायला सुरुवात केली. एक पान, 'सोलं पुरती सुकली हे हाताला कसं कळतं'. दुसरं, 'काटा अडकला तर कुठे थोपटावा, आणि कुठे थोपटू नये'. तिसरं, 'रातांबे फोडून काळे पडलेले हात लग्नाला जाण्यापूर्वी कसे धुवावेत'. हे शेवटचं वैभववाडीच्या बायांनी सर्वात जास्त वेळा उघडलं.

यातली एकही गोष्ट भाईंची स्वतःची नव्हती आणि त्यांनी ती स्वतःच्या नावावर खपवलीही नाही. ते बायांच्या मध्ये स्टूल टाकून बसायचे, विचारायचे आणि आत जाऊन टाइप करायचे. प्रत्येक पानाखाली असायचं, "सांगणार : रेखा. टाइप करणारा : मी." कधी पार्वती, कधी सुनंदा. रेखा त्या नऊ जणींतली सर्वात तिखट. ती दारातून ओरडायची, "ओ भाई, तुमची एक ओळ होयसर आमची सोलां सुकतत!"

"तुझाच शहाणपण लिवतंय गो, म्हणान येळ लागता. संपना नाय."

मग त्यांनी एक पान उघडलं, त्याचं नाव 'आभाळ'.

मे महिन्यात दुपारी आमच्याकडे आभाळ भरतं ते घाटाच्या बाजूनं. वैभववाडी घाटाच्या पायथ्याशी. तिथे ते आधी दिसतं, मिठबावला नंतर. आणि मिठबावच्या खळ्यात तर सोलं पसरलेली. भाईंनी पानावर लिहिलं, "सुलभाबाईंनी रोज दुपारी दाराबाहेर येऊन घाटाकडे एकदा बघावे व काय दिसले ते येथे लिहावे. हार पाठवू नये."

साहेबांनी खाली उत्तर दिलं, "कृपया हे साधन फक्त कामकाजासाठी वापरावे."

भाईंचं उत्तर, "आभाळ हे आमच्या केंद्राचे कामकाज आहे. साहेबांच्या माहितीसाठी : आज निरभ्र."

आठवडाभर निरभ्र. साहेब रोज ते 'निरभ्र' वाचायचे आणि श्वास सोडायचे. मग एका दुपारी, अडीचच्या सुमाराला, सुलभाची ओळ आली : "घाट काळो झालो. वारो सुटलो." मिठबावला तेव्हा लख्ख ऊन. त्याखाली मिठबावची : "उचलतोय." थोड्या वेळानं : "अर्धी झाली." मग : "झाली. एक फोड भिजली नाही. सुलभाबाईंचे डोळे शाबूत राहोत."

मधल्या वेळात आभाळ नांदगावावरून गेलं होतं. आमच्या अंगणात साहेबांनी स्वतः मोजून घेतलेली नवी गोणपाटं रचून ठेवली होती. ती सगळी भिजून मऊ पडली. कारण 'आभाळ' हे पान कामकाजाचं नसल्यामुळे कार्यालयात कुणी उघडलंच नव्हतं. मी उघडलं होतं हे मी आजपर्यंत कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्या पानावर एक नवी ओळ दिसली. "वैभववाडी, आज घाट कसा आहे?" खाली साहेबांचं नाव.

भाईंचा लगेच फोन. "बाय, सायब कामाक लागले गो!"

तरीही साहेबांचा अहवाल तयार होता आणि त्यात शिफारस होती ती मिठबाव नांदगावात मिसळून टाकण्याची. ठिपका राखाडी तो राखाडीच. संचालकांची बैठक जूनमध्ये ठरली, प्रत्येक केंद्रानं पडद्यावरून आपलं म्हणणं मांडायचं. भाईंनी मांडणी लिहून काढली. ती मला फोनवर तीनदा वाचून दाखवली, आणि तिन्ही वेळा मांजरीपाशी येऊन स्वतःच हसले.

बैठकीच्या चार दिवस आधी त्यांनी सकाळी केंद्र उघडलं. बायांची चेष्टा केली. शेवटचे रातांबे बघून येतो म्हणून उठले, एका बोटानं लिहायचं ते लिहिलं आणि खळ्याच्या पायरीवर टेकले. रेखा पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी वैभववाडीला फोन केला. सुलभा हसली. "काय गो, परत त्या यंत्रान काय तरी लिवलान?" मी नुसतं "सुलभा" म्हटलं. ती गडबडीनं म्हणाली, "अगो, माझ्यासमोरच उघडा आसा. बघ, 'येतंय' दिसता."

बैठकीचा निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचं लक्ष तिकडे अडकायला नको. केंद्र राहिलं. रेखानं नऊ जणींच्या नावाची पानं एकेक उघडून वाचली, संचालकांनी मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. आज तीच केंद्रप्रमुख आहे. सूचना ती छोट्या लिहिते, पण त्यात मांजरीचा हालहवाल असतो.

मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. नांदगावच्या कार्यालयात मोठा पडदा लावला होता. एका बाजूला सगळ्यांच्या नावांची यादी. भाईंचं नाव त्यातून काढून टाकायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. मिठबावची पाळी आली. पडद्यावर रेखा, मागे आठ चेहरे. रेखाचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिला बटण सापडेना.

"मिठबाव?" अध्यक्ष म्हणाले. "मिठबावतर्फे कुणी बोलणार आहे का? नसेल तर अहवालातली शिफारस मान्य करून पुढे जाऊ."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. साहेबांची नजर यादीवर होती. हिरवे ठिपके, हिरवे ठिपके, मध्ये एक राखाडी आणि त्याच्यापुढे तो शब्द. चार दिवसांपूर्वी हेच साहेब मिठबावच्या स्मशानात अनवाणी उभे होते, मी शेजारीच होते. समोर त्यांचा स्वतःचा, त्यांच्याच सहीचा अहवाल. आणि साहेब खुर्चीवरून अर्धवट उठले, हात पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलून गेले,

"थांबा हो जरा, भाई येतायत!"