मनाशे या नावाचा उरलेला अर्थ

शब्बाथची, शनिवारची दुपार आहे. जेवण झालं, जेवणानंतरची प्रार्थना झाली, आणि डोक्यावरची पांढरी टोपी न काढताच मी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आडवा झालोय. समोर एलियाहूची खुर्ची आहे. उद्या सकाळी नातवाची सुंता. आम्हा बेने इस्राएलांत, कोकणातल्या यहुद्यांत, सुंतेच्या वेळी संदेष्टा एलियाहूसाठी एक खुर्ची रिकामी ठेवतात, तो येऊन बसतो असं मानतात. शुक्रवारीच ती सिनेगॉगमधून ठाण्याच्या या घरात आणून ठेवली आहे. तिच्यावर धुतलेली चादर आणि उशी आहे. उद्या तिच्या शेजारी बसून बाळाला मांडीवर मी धरणार, आणि नाव विचारतील तेव्हा ते मीच सांगणार.

नाव ठरलं आहे. आरीएल. देवाचा सिंह. मीच सुचवलंय.

आतल्या खोलीत माझी सून येमिमा बाळाला थोपटतेय. तो आवाज हळूहळू लांब जातो, आणि मग तो थोपटण्याचा राहत नाही. कोयत्याचा होतो. केळीचं पान देठाशी तोडताना होतो तसा, ओला, एकाच घावाचा.

खुर्चीत दादा बसलाय.

मी झोपलोय की जागा आहे हे मला ठरवता येत नाही. सोफ्याचं खरखरीत कापड गालाला लागतंय, भिंतीवरचं घड्याळ दिसतंय, म्हणजे जागा असणार. पण माझा थोरला भाऊ मनाशे गेल्या वर्षी दिवाळीनंतर वारला आणि चौलच्या कबरस्तानात मी माझ्या हातांनी माती टाकली. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो; बातमी असती तर यातली एक मी कापली असती.

"दादा, ती खुर्ची तुझी नाही," मी म्हणतो.

"ठाऊक आहे. त्याला यायला अवकाश आहे. तोवर बसतो." दादा उशी चाचपून बघतो. "मऊ आहे रे. आणि पाणी विचारणार आहेस का, एफू? का ठाण्यात ती पद्धत नाही?"

मी उठून स्वयंपाकघरात जातो. माठाच्या पलीकडे भिंत नाही, आमची चौलची वाडी आहे. सुपारीची सरळ झाडं, त्यांच्यामधून पाटाचं पाणी, आणि माझा पाय त्या पाण्यात घोट्यापर्यंत. गार लागतं. दादा माझ्याआधीच तिथे पोचलाय. गुडघ्यापर्यंत धोतर, हातात कोयता. तो केळीची पानं कापून एकावर एक रचतोय.

"मलिद्यासाठी," तो म्हणतो. "उद्या एलियाहूच्या नावाने मांडाल ना मलिदा? पोहे, गूळ, नारळ सगळं तुझी सून करील. पानं मात्र बाजारातली आणू नका. फाटकी असतात."

"आणतो तुझ्याकडून."

"किती माणसं येणार?"

"पन्नासेक."

"बाळ कसं आहे?"

"छान आहे. गोरं आहे. आईवर गेलंय."

"नाव काय ठेवताय?"

मी पाण्याचा तांब्या शोधू लागतो. पाटाच्या कडेला तांब्या असायचा, पितळेचा, एका बाजूने चेपलेला. तो मिळत नाही. दादा थांबून बघत राहतो. कोयत्याच्या पात्यावरून चीक गळतोय आणि त्याच्या बोटांवर काळपट होऊन वाळतोय.

त्याला हे नाव विचारायचा हक्क आहे. शेवटच्या आजारपणात दवाखान्यातून त्याने मला फोन केला होता. दादाला मूलबाळ नव्हतं. तो म्हणाला होता, "तुझ्या घरात मुलगा झाला तर माझं नाव ठेव. नाहीतर हे नाव घेऊन कुणी हाक मारणारच नाही." मी म्हणालो होतो, "ठेवतो." इतकंच. मी दोनदा विचार केला नव्हता, कारण तेव्हा घरात कुणाला मूल होण्याची चिन्हं नव्हती.

मग येमिमाला दिवस गेले. मुलगा झाला. माझा मुलगा नाथान स्वतःहून म्हणाला, "पप्पा, मोठ्या काकांचं नाव ठेवू या का?" नावांच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा मानतात. वर्तमानपत्रात मी वर्षभर हिब्रू नावांवर सदर लिहिलं होतं, कोणतं नाव कुठून आलं, अर्थ काय, त्यावर. मी नाथानला म्हणालो, "मनाशे म्हणजे विसरायला लावणारा. लेकरावर असलं नाव कशाला?" त्याने ते मानलं. माझ्यावर विश्वास ठेवणं त्याला सोपं जातं.

"नाव, एफू," दादा म्हणतो.

"ठरायचंय अजून."

"खोटं बोलतोस तेव्हा तू कान खाजवतोस. शाळेत असल्यापासून."

मी कानावरचा हात खाली घेतो.

सुपारीच्या झाडांखाली माझं ऑफिसमधलं टेबल मांडलेलं आहे. काचेखाली जुनी रेल्वेची वेळापत्रकं, पेन्सिलींचा डबा, आणि छपाईला जायचा मजकूर. दादा त्या खुर्चीत बसतो जिथे माझे मुख्य उपसंपादक बसायचे, आणि पाय टेबलावर टाकतो. मुख्य उपसंपादकांनी ते खपवून घेतलं नसतं.

"बस. गप्पा मारू. नावांवर लिहायचास ना तू? आळीतल्या बायका वाचून दाखवायच्या मला. तो इसाजी आठवतो? वरच्या आळीतला?"

"इसाजी. इझाक. म्हणजे 'तो हसेल'."

"जन्मात हसला नाही मेला. लेकीच्या लग्नातसुद्धा नाही. आणि शिमोन तेली?"

"शिमोन म्हणजे ऐकणं. ऐकलं गेलं."

"ठार बहिरा!" दादा टेबलावर थाप मारतो. "घाण्याचा बैल मान टाकून पडला तरी याला पत्ता नाही. आपल्या माणसांची नावं आणि माणसं कधी जुळलीच नाहीत बघ. बाप मात्र फसला नाही. दर शुक्रवारी दिवे लागले की डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, देव तुम्हाला एफ्राईम आणि मनाशेसारखं करो. आता आपण दोघं होतोच एफ्राईम नि मनाशे. आणखी कशासारखं करणार होता देव?"

मी हसतो. दोघंही हसतो. बाप असं म्हणायचा तेव्हा आम्ही एकमेकांना चिमटे काढायचो.

"तुझं नाव आधी यायचं," दादा म्हणतो. "थोरला मी, पण नाव आधी तुझं. योसेफाच्या पोरांच्या आशीर्वादाचे शब्दच तसे आहेत म्हणे. मी काही बोललो नाही कधी."

हसू थांबतं. पाटाचं पाणी टेबलाच्या पायांना लागतंय.

"मला अर्थ सांग माझ्या नावाचा. सदरात आला नव्हता."

"राहून गेलं ते."

"आता सांग."

"विसरायला लावणारा."

"नाथानला एवढंच सांगितलंस?"

"एवढंच."

तो टेबलावरचा मजकूर माझ्याकडे सरकवतो. ओळी माझ्याच हस्ताक्षरात आहेत. पहिल्या काही शब्दांनंतर पुढचं सगळं पेन्सिलीने जाड रेघ मारून उडवलंय. ती रेघही माझीच. जागा नसली की मी अशी मारायचो, आडवी, एका दमात.

"पुढचं वाच," दादा म्हणतो.

"खोडलंय."

"कुणी?"

मी वाचतो. खोडलेलं वाचायची मला सवय आहे. भावांनी विकलेल्या योसेफाला परक्या देशात पहिला मुलगा झाला, तेव्हा त्याने त्याचं नाव मनाशे ठेवलं, कारण या पोराने त्याला सगळ्या कष्टांचा विसर पाडला.

"यात वाईट काय आहे?" दादा विचारतो. त्याला खरंच कळत नाहीये असं वाटतं. "पोर झालं आणि बाप हाल विसरला. बाळाला याहून चांगलं काय सांगणार? हे का लपवलंस?"

"अजून आहे पुढे."

"मग वाच की."

रेघ इथे सगळ्यात जाड आहे. मी तिच्यावरून बोट फिरवतो.

"आणि बापाच्या घराचा," मी म्हणतो. "कष्टांचा आणि बापाच्या घराचा विसर पाडला म्हणून मनाशे."

दादा पाय खाली घेतो. टेबल नाही. आम्ही चौलच्या घराच्या दारात उभे आहोत. दाराच्या उजव्या खांबावर मेझुझा असायचा, पवित्र ओळी ठेवलेली छोटी नळी; घरात शिरताना त्याला बोटं लावून ती ओठांना लावायची. आता तिथे खिळ्यांची दोन भोकं आहेत. मेझुझा मीच काढून आणला. विकत घेणाऱ्याला तो नको होता.

"घर कसं आहे आपलं?" दादा विचारतो.

"ठीक आहे," मी म्हणतो, आणि मग, "विकलं."

"कुणी?"

"मी."

"चौल सोडून कोण गेलं होतं?"

"मी."

"बाप अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं हगणंमुतणं कोणी काढलं?"

"तू."

"मग आपल्या दोघांत मनाशे कोण?"

मला उत्तर येतं. दारातून आत बघतो तर आत माझ्या ठाण्याच्या घराचा दिवाणखाना आहे, आणि भिंतीला टेकून प्रवासाच्या बॅगा उभ्या आहेत. पुढल्या महिन्यात नाथान, येमिमा आणि बाळ इस्राएलमधल्या आश्दोदला जाणार आहेत, कायमचे. दोघांचे व्हिसा, तिकिटं झालीत; बाळाचे कागद नावासाठी थांबलेत. बॅगांवर नाथानने नावं लिहिलीत. सगळ्यात लहान बॅग कोरी आहे.

दादा त्या बॅगांकडे बघतो. मग माझ्याकडे.

"अस्सं," तो म्हणतो. "म्हणून. बाळाच्या नावाला नाही भ्यालास तू. ते तुझं घर विसरतील त्याला भ्यालास."

"हो."

"आणि सिंह ठेवलं म्हणजे नाही विसरणार?"

मी दाराच्या खांबावरच्या भोकांना बोट लावतो आणि सवयीने बोट ओठांकडे नेतो. लाकडाची चव येते.

"दादा, मला माफ कर."

"ते बघू. आधी ही पानं धर, माझे हात भरलेत."

तो पानांची चळत माझ्या हातांवर ठेवतो. जड आहे, गार आहे, कापलेल्या देठांतून चीक थेंबथेंब गळतोय. मी दोन्ही हातांनी धरून उभा राहतो, त्यामुळे मला काही करता येत नाही, जाता येत नाही.

"तुला ठेवायचं नसेल तर नको ठेवू," दादा म्हणतो. "पण त्यांना सगळं सांग. अर्धं नको. अर्धं सांगून माणूस सुटत नाही, तुला इतकं लिहून कळलं नाही?"

"आज शुक्रवार आहे?" मी विचारतो. घरात दिवे लागलेले दिसताहेत.

"नाही. पण बाप नाही, तर थोरला मीच." तो उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवतो. तळवा ओला आणि चिकट आहे, टोपीतूनही लागतो. बापाचे शब्द तो म्हणू लागतो. फक्त यावेळी मनाशे आधी म्हणतो. नंतर एफ्राईम. मला वाटतं तो थांबून बघतोय, मी चिमटा काढतो का.

"पप्पा. पप्पा, उठा. तारे दिसायला लागतील आता, शब्बाथ संपेल."

नाथान सोफ्याशी उभा आहे. खिडकीत संध्याकाळ झालीय. एलियाहूच्या खुर्चीवरची उशी जागच्या जागी, फुगीर. आत बाळ रडतंय, भुकेचं रडणं. मी उठून बसतो. हात जड झालेत, जणू बराच वेळ काही धरून उभा होतो.

येमिमा बाळाला घेऊन बाहेर येते आणि दारातच थांबते.

"पप्पा, टोपीला काय लागलंय?"

मी टोपी काढतो. पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग आहे, पंजाएवढा, चार बोटं स्पष्ट, अंगठा थोडा पुसट. मी नखाने खरवडतो. कापडाच्या आत गेलाय.

"केळीचा डाग दिसतो," नाथान म्हणतो. "सकाळी केळी कापली ना तू, येमिमा?"

"पिकलेली होती ती. पिकल्या केळ्याला कसला चीक? द्या इकडे, शब्बाथ संपला की भिजत घालते. उद्या ही कशी घालणार तुम्ही?"

"हीच घालणार," मी म्हणतो. "डाग जाणार नाही."

मी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवतो, डाग मागे न ढकलता. मग नाथानला शेजारी बसायला सांगतो.

"उद्याच्या नावाचं बोलायचंय. मोठ्या काकांचं नाव. त्याचा अर्थ मी तुला अर्धाच सांगितला होता."

"उरलेला काय?"

बाळ येमिमाच्या खांद्यावरून माझ्याकडे, किंवा डागाकडे, बघतंय. माझा हात कानाकडे जातो. मी तो मांडीवर दाबून धरतो आणि आधी कष्टांचं सांगतो, मग बापाच्या घराचं.