घर नांदेडचंच राहील

नातवंडांनो, तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, नांदेडचं घर का बंद केलं. तेव्हा तुमची आई तुमच्या शेजारी होती, म्हणून मी बोलले नाही. आता क्रमाने लिहिते.

आजोबांची डावी बाजू गेल्यावर त्यांची खाट हॉलमध्ये आणली. सोबतीला मीच होते. दिवसा कामाला गल्लीतल्या मावशी येत, रविवार सोडून. तुमचे मामा-मामी लातूरहून शनिवारी येत आणि रविवारी रात्री परत जात. मी वेळेवर औषधं देत होते, चादरी बदलत होते. काही वाटत मात्र नव्हतं.

मामी लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, हे तुम्हाला माहीतच आहे. तिचं संशोधन आन्सर सेट प्रोग्रॅमिंगवर आहे. त्यात मशीनला काम कसं करायचं ते सांगत नाहीत. काय चालेल आणि काय चालणार नाही, एवढेच नियम लिहायचे. त्यात बसतील त्या सगळ्या मांडण्या मशीन शोधून देतं. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन खाटेजवळ बसली आणि म्हणाली, "आई, आपल्या घराचे नियम सांगा. बाबांना घरीच ठेवता येतं का, बघू."

मी सांगत गेले. बाबांजवळ रात्रंदिवस कोणीतरी हवं. मामा-मामींच्या नोकऱ्या लातूरला. मी लागोपाठ दोन रात्री जागायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. आजोबा खाटेवरून म्हणाले, "रात्री बाहेरचं माणूस नको." तेही लिहिलं. शेवटी मी म्हणाले, "घर नांदेडचंच राहील."

मशीनने लगेच उत्तर दिलं. मामीने वाचलं आणि कपाळावर हात मारला. सगळ्या रात्री बाबांजवळ बाबाच बसणार होते.

"आजारी माणूस कोण, ते सांगायचंच राहिलं," ती म्हणाली.

"मशीन लई हुशार हाय की, सूनबाई," आजोबा म्हणाले. "पगार किती देता मला?"

स्वतःच्या औषधाची बाटली आदल्या दिवशी इथे विसरल्या म्हणून मावशी तेवढ्यात आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "साहेबच करून राहिले, तर मग माझी सुट्टी का?"

"इतवारची हायच की तुमाला. आजबी आलात, ते कशाला?"

सगळे हसले. मीही हसले असेन.

मामीने तो नियम घातला. मग एकेक नियम छोट्या उदाहरणावर वेगळा तपासला. हीच शिस्त ती कॉलेजातल्या मुलांनाही शिकवते. पुन्हा चालवलं तर उत्तर आलं, एकही मांडणी नाही. का नाही, ते मशीन आपणहून सांगत नाही. ते शोधायचं साधन मामीच तयार करते आहे. एकमेकांना अडवणारे नेमके नियम ते वेगळे काढतं. तिने ते चालवलं. नोकऱ्या आणि आजारपण बदलणार नव्हतेच; ते सोडून पडद्यावर चार ओळी राहिल्या: रात्री कोणीतरी हवं, बाहेरचं नको, मी लागोपाठ दोन रात्री जागायचं नाही, पण, घर नांदेडचंच.

हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नव्हतं इतकंच.

"यातला एक काढला की पुरे," मामी हळू म्हणाली.

"माझ्या झोपेचा काढ."

"तो नाही निघणार, आई. तो डॉक्टरांचा आहे."

मावशी बाटली हातात धरून उभ्या होत्या. आजोबा छताकडे बघत होते. रेल्वेच्या ऑफिसात असताना कर्ज काढून, हौसेने बांधलेलं घर त्यांचं. मला वाटलं, ते बाहेरच्या माणसाला हो म्हणतील.

"नांदेड काढ," ते म्हणाले.

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने ती ओळ काढली आणि मांडण्यांची रांगच आली. कुठली घ्यायची, तिने विचारलं. "पहिली घे," मी म्हणाले आणि त्यांचा चहा गाळायला आत गेले.

आता आम्ही लातूरला आहोत. रात्री मामा आणि मामी आळीपाळीने जागतात. मी झोपते. नांदेडची किल्ली मावशींकडे आहे; त्या झाडांना पाणी घालतात.

परवा मामीने ती फाईल उघडली होती, तेव्हा मी पाहिलं. नांदेडची ओळ तिने पुसलेली नाही. पुढे नुसतं टक्क्याचं चिन्ह घातलंय. ते चिन्ह असलं की मशीन ती ओळ वाचत नाही. मी वाचली. मग आजोबांच्या औषधाची वेळ झाली, म्हणून उठले.